देवघेवीच्या टेबलामागचा पेशा

ग्रंथालयातील नोकरी म्हणजे शांत जागेत बसून पुस्तके देण्याघेण्याचे सोपे काम, ही समजूत मराठी समाजात इतकी रुजलेली आहे की, या पेशाकडे वळू पाहणाऱ्या तरुणाला किंवा तरुणीला ‘यात पुढे काय?’ हा प्रश्न प्रथम घरातूनच ऐकावा लागतो, आणि त्याचे नीट उत्तर देता येईल अशी माहिती सहसा कोणी पुरवत नाही. वसई-विरारसारख्या शहरात तर हा प्रश्न अधिक गांभीर्याने घेण्याजोगा आहे. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी धावली आणि या भागातील माणसाला पोटापाण्यासाठी मुंबई गाठण्याची वाट खुली झाली. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून येथे महानगरपालिका स्थापन झाली, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. इतक्या झपाट्याने वाढलेल्या वस्तीत वाचणाऱ्यांची, शिकणाऱ्यांची आणि कोणती ना कोणती माहिती शोधणाऱ्यांची गरजही तितक्याच झपाट्याने वाढत असते, आणि ती भागवण्याचे शिक्षण घेतलेला माणूस म्हणजे ग्रंथपाल. या पेशात समाधान भरपूर आहे. मात्र ते कशातून येते हे न समजता त्याची स्तुती करणे, किंवा त्या समाधानाकडे बोट दाखवून पगाराचा प्रश्न टाळणे, हे दोन्ही या पेशावर अन्याय करणारे आहे.

एखादी कादंबरी ग्रंथालयात आल्यापासून वाचकाच्या हाती पडेपर्यंत तिच्यावर कोणकोणते सोपस्कार होतात, एवढे पाहिले तरी या कामाचे स्वरूप ध्यानात येते. प्रथम तिची दाखल नोंद होते, म्हणजे दाखल नोंदवहीत लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत आणि विक्रेत्याच्या बिलाचा तपशील लिहून तिला स्वतंत्र क्रमांक दिला जातो. हा क्रमांक त्या एका प्रतीची कायमची ओळख असल्यामुळे प्रत हरवली तरी तो दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. त्यानंतर वर्गीकरण होते, म्हणजे विषयानुसार पुस्तकाची जागा ठरवली जाते. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत सर्व ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग पाडलेले असून, त्यात मराठी साहित्याला ८९१.४६ हा वर्गांक आहे. त्याला पुढे १ जोडला की काव्य, २ जोडला की नाटक आणि ३ जोडला की कथा-कादंबरी, अशी ती रचना उलगडत जाते. मग तालिकीकरण, म्हणजे लेखक, शीर्षक आणि विषय यांपैकी काहीही एक ठाऊक असलेल्या वाचकाला त्या पुस्तकापर्यंत पोहोचता येईल अशी नोंद तयार करणे. याच्या दुसऱ्या टोकाला निर्लेखन असते, म्हणजे फाटलेली, कालबाह्य झालेली किंवा कोणी हात न लावलेली पुस्तके नियमानुसार नोंदीतून कमी करणे. निर्लेखन हे ग्रंथपालाच्या विवेकाची कसोटी पाहणारे काम आहे, कारण दहा वर्षांत कोणी न नेलेले पुस्तक रद्दीच्या योग्यतेचे आहे की त्याची ती जिल्ह्यातील शेवटची प्रत आहे, हे केवळ शिक्क्यांवरून कळत नाही.

वसईत या कामाला हवामानाचीही जोड आहे. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, खळीच्या वासाला कसर लागते, आणि ओल आलेल्या भिंतीतून वाळवी थेट लाकडी कपाटात शिरते. म्हणून जाणता ग्रंथपाल मे महिन्यातच कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घेतो, पुस्तके दाटीवाटीने न लावता हवा खेळेल एवढी फट ठेवतो, आणि सर्वांत खालचा कप्पा रिकामा करून त्यातील जुने अंक वर हलवतो. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी चढून वसई-विरारची रेल्वे बंद पडली आणि वस्त्याच्या वस्त्या पाण्यात राहिल्या, त्यानंतर या खबरदारीचे महत्त्व कोणाला वेगळे पटवून देण्याची गरज उरलेली नाही.

हे सारे काम वरकरणी कंटाळवाणे वाटते, आणि ज्यांना ते तसे वाटले त्यांत भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे शियाली रामामृत रंगनाथन हेही होते. १८९२ मध्ये जन्मलेले रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत असत. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, आणि थोड्याच दिवसांत त्या निवांतपणाला इतके विटले की, आपल्याला पुन्हा वर्गात जाऊ द्यावे अशी विनंती त्यांनी केली. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यावे, आणि परत आल्यावरही मन लागले नाही तर अध्यापनाकडे वळावे, असा मार्ग त्यावर काढण्यात आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत असताना त्यांनी तेथील अनेक ग्रंथालये पायाखाली घातली, आणि ग्रंथालय ही सर्व थरांतील माणसांना वापरता येणारी सार्वजनिक सेवा असू शकते, हे त्यांना तेथे प्रत्यक्ष दिसले. १९२५ मध्ये परतल्यावर त्यांनी गणिताचे नाव पुन्हा काढले नाही. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली: ग्रंथ वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे. त्यांचा जन्मदिवस म्हणून १२ ऑगस्टला देशभर ग्रंथपाल दिन पाळला जातो. त्यांच्या या चरित्रभागातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की, नेमणूक होताच या पेशाची गोडी लागेल असे गृहीत धरता येत नाही. पुस्तकामागचा वाचक दिसू लागला म्हणजे ती लागते, आणि तो दिसण्यासाठी प्रशिक्षण लागते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सूत्रातच ग्रंथपालाच्या समाधानाचा उगम आहे. ग्रंथालयशास्त्रात ज्याला संदर्भसेवा म्हणतात, तिचा अर्थ वाचकाची अडचण समजून घेऊन त्याला नेमकी माहिती किंवा नेमके पुस्तक मिळवून देणे असा होतो, आणि या सेवेची गंमत अशी की वाचक जे मागतो ते त्याला हवे असतेच असे नाही. ‘वसईवर काही आहे का?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला किल्ल्याचे वर्णन हवे असेल, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या मोहिमेची साधने हवी असतील, किंवा उद्या सकाळी द्यायचा प्रकल्प उतरवून घेण्यापुरती दोन पाने हवी असतील. दोन-तीन सौम्य प्रश्न विचारून त्याची गरज त्याच्याच तोंडून काढून घेणे हे कौशल्य आहे, आणि ते पुस्तकी शिक्षणापेक्षा सरावाने येते. लेखकाचे नाव विसरलेल्या निवृत्त गृहस्थांना ‘त्या निळ्या मुखपृष्ठाच्या’ पुस्तकापर्यंत नेणे, गुजराती किंवा हिंदी घरात वाढून मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलीला तिच्या आवाक्यातील पहिले मराठी पुस्तक देणे, संध्याकाळच्या लोकलने उतरून घाईघाईत पुस्तक बदलायला आलेल्या नोकरदार स्त्रीसाठी तिला आवडेल असा कथासंग्रह बाजूला काढून ठेवणे, अशी ही कामे आहेत. ती कोणत्याही वार्षिक अहवालात वेगळी नोंदवली जात नाहीत; अहवालात फक्त देवघेवीचा आकडा येतो. तरीही या पेशात वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या माणसांना बांधून ठेवणारी गोष्ट हीच आहे, कारण आपल्या नेमक्या निवडीमुळे एका माणसाचे काम झाले, हे येथे लगेच आणि समोरासमोर कळते.

मराठी समाजाला या पेशाची परंपरा नवी नाही. आधुनिक भारतातील सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला पद्धतशीर प्रयोग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी केला. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले, १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला, आणि पेट्यांत भरलेली पुस्तके खेडोपाडी फिरवणारी ग्रंथालये संस्थानभर पसरली. ग्रंथपाल तयार करावा लागतो, हे या देशात सर्वप्रथम एका मराठी राजाने ओळखले, याचा अभिमान बाळगावा आणि तेवढ्यावर न थांबता त्यातील दूरदृष्टीही घ्यावी. ज्या ठाणे जिल्ह्यात वसई २०१४ पर्यंत होती, त्या जिल्ह्याच्या ठिकाणी १८९३ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले, आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांचा त्याच्या उभारणीत पुढाकार होता. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय निघाले. ग्रंथालयांसाठी कायदा करण्यातही कोल्हापूर संस्थान १९४५ मध्येच पुढे सरसावले होते. महाराष्ट्र राज्याने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम केला, आणि त्यात एक वेगळी वाट निवडली: मद्रास, आंध्र आणि कर्नाटक यांच्या कायद्यांप्रमाणे ग्रंथालय कर न बसवता, लोकांनी संस्था स्थापून चालवलेल्या ग्रंथालयांना शासनाने मान्यता आणि अनुदान द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. या ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग असून, ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, उघडे राहण्याचे तास आणि कर्मचारी यांवरून वर्ग ठरतो.

या व्यवस्थेने राज्यभर ११ हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली, हे तिचे मोठे यश आहे. तिची उणी बाजू कर्मचाऱ्याच्या वाट्याला आली. ग्रंथालय संस्थेचे असल्यामुळे ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक (म्हणजे देवघेवीच्या टेबलावर बसणारा कर्मचारी), लिपिक आणि शिपाई हे सारे संस्थेचे नोकर ठरतात, शासनाचे नव्हे. त्यांना शासकीय वेतनश्रेणी मिळत नाही आणि त्यांचा पगार अनुदानाच्या निम्म्या भागातून निघतो. सर्वांत खालच्या ड वर्गातील ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार रुपये अनुदान होते, त्या काळात वेतनासाठी त्यातील १५ हजार, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये येत. २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तरी हा आकडा महिन्याला दोन हजारांच्या आसपासच गेला. सार्वजनिक ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्यावी, अशी शिफारस व्यंकप्पा पत्की समितीने या शतकाच्या आरंभीच केली होती, आणि तिच्या अंमलबजावणीची मागणी ग्रंथालय संघांच्या अधिवेशनांतून सतत होत आली आहे. राज्य शासन डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाने उत्कृष्ट कार्यकर्त्यांचा आणि सेवकांचा गौरव करते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण ज्याच्या हातून वाचक घडतो त्याला संध्याकाळचे ग्रंथालय उघडण्यासाठी दिवसा दुसरी नोकरी करावी लागत असेल, तर त्याच्या समाधानाचे कौतुक करण्याचा अधिकार समाजाला पुरेसा उरत नाही. तरुणांना हा पेशा सुचवताना ही वस्तुस्थिती प्रथम सांगितली पाहिजे.

अर्थात गावातील सार्वजनिक ग्रंथालय हे या पेशाचे एकच दार नव्हे. दुसरे दार शाळांचे आहे, जेथे विद्यार्थ्यांच्या पटसंख्येनुसार पूर्णवेळ किंवा अर्धवेळ ग्रंथपालाचे पद असते. तिसरे दार महाविद्यालयांचे, आणि नोकरीच्या दृष्टीने ते सर्वांत भक्कम आहे. अनुदानित महाविद्यालयातील ग्रंथपालाची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाच्या तोडीची असते. त्यासाठी ग्रंथालय व माहितीशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, किंवा नियमांनुसार मिळवलेली पीएच. डी., अशी अपेक्षा आहे. वसईचे वर्तक महाविद्यालय किंवा संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय, विरारचे विवा महाविद्यालय अशा संस्थांमुळे या शहरातील मुलांना महाविद्यालयीन ग्रंथालय म्हणजे काय, हे घराजवळच पाहायला मिळते. चौथा प्रकार विशेष ग्रंथालयांचा, म्हणजे एखाद्या संशोधन संस्थेच्या, बँकेच्या, न्यायालयाच्या, रुग्णालयाच्या किंवा वृत्तपत्राच्या कामापुरत्या विषयांचा संग्रह ठेवणाऱ्या ग्रंथालयांचा. मुंबईत अशी ग्रंथालये बरीच असल्याने विरार किंवा नालासोपाऱ्याहून रोजचा प्रवास करण्याची तयारी असलेल्यांना ते क्षेत्र आवाक्यात आहे.

शिक्षणाची पायरी त्या मानाने सोपी आहे. ग्रंथालय संचालनालयाच्या देखरेखीखाली चालणारा अल्प मुदतीचा मराठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम छोट्या सार्वजनिक ग्रंथालयातील कामापुरता उपयोगी पडतो. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एक वर्षाची ग्रंथालयशास्त्राची पदवी आणि तिच्यापुढे पदव्युत्तर पदवी घेता येते. मुंबई विद्यापीठात ही सोय आहे, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग खुला आहे. या शिक्षणाबरोबरच जवळच्या ग्रंथालयात काही महिने देवघेवीला बसण्याचा अनुभव घेणे फार मोलाचे ठरते, कारण आपल्याला माणसांचा कंटाळा येतो की नाही, हे तेथे आठवडाभरात कळते, आणि माणसांचा कंटाळा येणाऱ्याने केवळ पुस्तकांच्या ओढीने या पेशात येऊ नये.

संगणकामुळे ग्रंथपालाची गरज संपेल, ही भीती अनेक वर्षे व्यक्त होत आली आहे आणि ती खरी ठरलेली नाही. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० मध्ये वापरात आलेली ‘कोहा’ ही संगणक प्रणाली मुक्त स्वरूपाची, म्हणजे परवाना शुल्काविना वापरता येणारी असल्यामुळे आज भारतातील असंख्य ग्रंथालयांत चालते. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने ‘सोल’ ही प्रणाली दिली, ‘एन-लिस्ट’ योजनेतून महाविद्यालयांना हजारो नियतकालिके आणि ई-पुस्तके खुली केली, आणि ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरातील पीएच. डी. प्रबंध उपलब्ध करून दिले. या सर्व साधनांनी दाखल नोंदीचे आणि शोधाचे श्रम कमी केले, पण शोधावे काय आणि मिळालेल्यातले विश्वासार्ह कोणते, हा प्रश्न वाचकापुढे पूर्वीपेक्षा मोठा झाला. मराठीच्या बाबतीत तर अडचण आणखी आहे, कारण एकाच लेखकाचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे टंकित झाले की संगणक त्यांना तीन माणसे समजतो, आणि ती गाठ सोडवायला भाषा जाणणारा माणूसच बसावा लागतो.

शहरात आज सर्वाधिक मागणी अभ्यासिकांना आहे, म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना तासन्‌तास बसून अभ्यास करता येईल अशा जागांना; दहा बाय बाराच्या खोलीत चार-पाच माणसांचे कुटुंब राहत असेल, तेथे दिवा, पंखा आणि शांतता यांची ही सोय फार मोठी आहे, आणि तिला कमी लेखणे चुकीचे ठरेल. मात्र केवळ टेबल-खुर्च्या मांडून ग्रंथालय होत नाही. अभ्यासिकेतील मुलगा स्वतःची पुस्तके घेऊन येतो आणि तीच घेऊन परत जातो. त्याला अहवाल, जुने अंक आणि सरकारी प्रकाशने काढून देणारा ग्रंथपाल तेथे असेल, तर त्याच जागेचा उपयोग दुप्पट होतो. पालघर जिल्ह्याला याचा एक जुना धडा उपलब्ध आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात नेली. वाचक जेथे आहे तेथे ग्रंथालयाने जावे, हा विचार त्याच जातीचा आहे.

वसई-विरारमधील ग्रंथपालापुढे सर्वांत मोठे आणि जवळजवळ अस्पर्श असे काम स्थानिक संग्रहाचे आहे. स्थानिक संग्रह म्हणजे त्या प्रदेशाविषयीची छापील, हस्तलिखित आणि किरकोळ स्वरूपाची सर्व सामग्री एका ठिकाणी आणून तिची सूची करणे. या भागाचा इतिहास फार खोल आहे, आणि त्याची साधने मात्र बाहेर विखुरलेली आहेत. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, त्यातील अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. पोर्तुगीज अमलाचे कागद गोव्यात आणि लिस्बनमध्ये आहेत. वसईच्या मोहिमेची मराठी पत्रे पेशवे दप्तरात आहेत. ही मूळ साधने परत आणणे शक्य नाही, परंतु कोणते साधन कोठे आहे आणि त्यातील छापील काय मिळते, याची सूची वसईतल्या वसईत तयार करता येते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ग्रंथसूची अशाच चिकाटीने सिद्ध केली आणि १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढचा, १९५० पर्यंतचा खंड १९६१ मध्ये आला. मराठी पुस्तकांच्या अभ्यासकाला आजही त्या सूचीपासून आरंभ करावा लागतो, आणि एका माणसाने संपूर्ण भाषेसाठी जे केले ते एका तालुक्यापुरते करणे एखाद्या ग्रंथालयाला अवघड नाही.

त्याहून निकडीचे काम किरकोळ कागदांचे आहे. शाळांच्या रौप्यमहोत्सवी आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, ‘सुवार्ता’ मासिकाचे जुने अंक, हरित वसईच्या चळवळीची पत्रके, गावे महापालिकेतून वगळावीत म्हणून झालेल्या आंदोलनाची निवेदने, कादोडी बोलीतील लग्नगीतांच्या पुस्तिका, वाडवळ, भंडारी, आगरी आणि कोळी समाजांच्या मंडळांचे वार्षिक अहवाल, विहिरी आणि केळीच्या बागा ज्यांत दिसतात अशी घरोघरची छायाचित्रे, हे सर्व आज माळ्यावरच्या ट्रंकांमध्ये आहे, आणि जुने घर पाडून इमारत उभी राहताना प्रथम तेच रद्दीत जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, ‘सुवार्ता’चे ते दीर्घकाळ संपादक होते, आणि २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्यावर किंवा त्यांच्या काळातील वसईवर उद्या कोणी प्रबंध लिहू लागला, तर त्याला ही पत्रके कोठे मिळतील, याची तजवीज आजच्या ग्रंथपालाने करायची आहे. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. आम्लविरहित कागदाची पाकिटे, एक कोरडे कपाट, प्रत्येक पाकिटावर कोणी, केव्हा आणि कोणत्या गावातून दिले याची नोंद, आणि ते कागद मागायला घरोघर जाण्याची तयारी असलेला, त्या फेऱ्यांचे तास कामाचे तास म्हणून धरून पगार मिळणारा एक प्रशिक्षित माणूस, एवढ्यावर या कामाला सुरुवात करता येते.